सवाद्य वाचन

वाङ्मय हे मुळी कानाचे धन आहे. डोळ्यांच्या वाट्यास ते पुष्कळ मागाहून आले. लिपी नव्हती तेव्हाही कथा होती, छापखाना नव्हता तेव्हाही पुराण होते, आणि ज्या घरी आजही शाळेच्या पाठ्यपुस्तकावाचून दुसरे पुस्तक सापडावयाचे नाही, त्या घरी आजीच्या तोंडी दहा गोष्टी आणि पन्नास ओव्या सहज सापडतात. एवढी गोष्ट प्रथम मनात धरली म्हणजे प्रस्तुत प्रश्नाचा विचार करणे सोपे जाते.

प्रश्न असा की, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सवाद्य वाचनाचा कार्यक्रम ठेवावा किंवा ठेवू नये? सवाद्य वाचन हे गाणे नव्हे व नाटकही नव्हे. एकाने कविता अथवा गद्य उतारा सभेपुढे स्पष्ट वाचावयाचा, आणि दोघातिघांनी त्याच्या आगेमागे व अधूनमधून वाद्ये वाजवावयाची. तीही ठराविक चालीवर नव्हे, तर मजकुराचा भाव जसजसा फिरेल तसतशी. वाद्य म्हणजे पेटी-तबलाच असला पाहिजे असेही नाही. सुपात धान्य पाखडल्याचा आवाज, घागरीवर बोटांनी धरलेला ठेका, पिंजाऱ्याच्या कमानीच्या तातीचा टणत्कार, यांतूनही संगीत निर्माण करून पाहावयाचे. अशा संगीतास हल्ली प्रयोगशील संगीत म्हणतात. वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांनी ही सूचना केली, आणि तिच्यावर तीन बाजूंनी आक्षेप आले. काही पालक म्हणाले की, शालान्त परीक्षा जवळ आली असता हा वेळेचा अपव्यय होय. काहींस वाटले की, नंगारा आणि डफडे यांची जागा तांड्यावर किंवा लग्नाच्या वरातीत. विद्यामंदिरात त्यांचे काय काम? आणि आमच्या मंडळीतील काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले की, शास्त्रवाचनासारख्या गंभीर गोष्टीस असला ठोकठोकाट शोभत नाही. तिन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत व तिन्हींस प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

प्रथम हे पाहावे की, ही गोष्ट खरोखर नवी आहे काय. फुलसावंगीहून पैनगंगा ओलांडून गेले की माहूर लागते. तेथील रेणुकेचे गोंधळी संबळ आणि तुणतुणे यांच्या साथीने आख्यान सांगत आले आहेत. त्यांची रीत लक्षपूर्वक ऐकणाऱ्यास दिसेल की, कथा चालू असता संबळ दबून राहते व कथेने श्वास घेतला की ते बोलू लागते. आमच्या आसपासच्या तांड्यांवर नंगारा आणि थाळी यांच्या साथीने भजने होतात. जात्यावर दळणाऱ्या बाईस तर साथीदाराचीही गरज पडली नाही. जात्याची घरघर हीच तिची साथ. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस अक्षरओळख नव्हती. घरातले व शेतातले काम करीत असता त्यांच्या तोंडून निघालेली कविता त्यांच्या मुलाने व आप्ताने उतरून घेतली, म्हणून ती १९५२ साली पुस्तकरूपाने जगापुढे आली. तात्पर्य, शब्द आणि वाद्य यांचा सहवास आमच्या लोकांस अपरिचित नाही. अपरिचित आहे ते एवढेच की, शाळेच्या पुस्तकातील शब्दासही अशी सोबत मिळू शकते.

ख्रिस्ती वाचकांस याहून जवळचे दाखले देता येतील. स्तोत्रसंहितेतील कित्येक स्तोत्रांच्या माथ्यावर मुख्य गवयास सूचना दिलेली आहे. कोठे तंतुवाद्यांचा उल्लेख आहे, कोठे चालीचे नाव आहे. शेवटच्या, म्हणजे दीडशेव्या स्तोत्रात तर कर्णा, वीणा, डफ, झांजा अशी वाद्यांची यादीच दिलेली आढळते. आणि डफ हे तेव्हाही राजवाड्यातले नव्हे, सामान्य बायाबापड्यांचे वाद्य होते. अलीशा संदेष्ट्याने देवाचे वचन सांगण्यापूर्वी वादकास बोलावून आणविले, ही गोष्ट राजांच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. मग वाद्याने वचनाचे गांभीर्य नष्ट होते असे सरसकट कसे म्हणावे?

आपल्या महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. तेथील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती, परंतु पुराण ऐकण्याची कानांची भूक सुटली नव्हती. ती ओळखून त्याने ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण मराठीत रचिले व ते १६१६ साली छापले गेले. गोव्यातील देवळांत ते मोठ्याने वाचले जात असे. परक्या देशातून आलेल्या माणसाने आपल्या देशाची चाल येथे आणली नाही. येथल्या लोकांच्या कानास जी लय ठाऊक होती तीच त्याने उचलली. हा त्या काळचा मोठाच प्रयोग होय.

पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) मंडळीत कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी त्यास वैभव आणिले. तत्पूर्वी आमच्या देवळांतून बहुतकरून इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गाइली जात. टाळ-मृदंग म्हटला की तो परधर्माचा, अशी कित्येकांची समजूत होती. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही आपलीशी केली. आज आमच्या मंडळ्यांतून ज्या ‘उपासना संगीता’वर आम्ही वाढलो, त्यातून टिळकांची पदे काढून टाकली तर मागे काय उरेल? ज्यास एके काळी अनुचित म्हटले, तेच आज आमची परंपरा होऊन बसले आहे. वडीलधाऱ्यांनी रागावू नये. परंतु ज्या मृदंगाचा ते आज अभिमान बाळगतात, त्यासही एके काळी देवळाच्या दाराशी थांबावे लागले होते.

याच टिळकांच्या पुढाकाराने १९०७ साली जळगाव येथे कविसंमेलन भरले. त्यात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता सभेपुढे म्हणून दाखविली व अध्यक्ष डॉक्टर कीर्तिकर यांनी त्यास ‘बालकवी’ हे नाव दिले. आमच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट विसरू नये. ते वय तुमचेच होय; आणि त्या दिवशी सभा जिंकली ती छापील कागदाने नव्हे, बोललेल्या शब्दाने जिंकली.

आता प्रयोगशील म्हणून जे युरोपात निघाले, त्याचाही थोडा विचार करू. १९१२ साली बर्लिन येथे आर्नोल्ड शोनबर्ग या संगीतकाराने ‘पिएरो लुनेर’ नावाची कृती सादर केली. एकवीस कविता, एक वाचिका, पाच वादक आणि त्यांच्या हाती आठ वाद्ये, अशी तिची मांडणी होती. वाचिकेने गावयाचेही नाही व साधे बोलावयाचेही नाही, दोहोंच्या मधला स्वर लावावयाचा, अशी रचनाकाराची आज्ञा होती. त्यानंतर १९२३ च्या जून महिन्यात लंडनमध्ये इडिथ सिटवेल या कवयित्रीने विल्यम वॉल्टन या एकवीस वर्षांच्या तरुणाच्या संगीताबरोबर ‘फसाड’ या नावाने आपल्या कविता वाचिल्या. कवयित्री चित्रे काढलेल्या पडद्याआड उभी आणि पडद्यातून बाहेर काढलेल्या कर्ण्यातून तिचा आवाज येणारा, असा तो प्रकार होता. वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. परंतु ती कृती मेली नाही, आजही ती वाजविली जाते. लोकांनी हसणे हा एखादी गोष्ट वाईट असल्याचा पुरावा नव्हे, हे यावरून शिकावे. मात्र लोक हसले म्हणून ती चांगलीच असली पाहिजे, असेही कोणी समजू नये.

योगायोग असा की, त्याच १९२३ साली पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश इत्यादी कवींनी आपली कविता लोकांपुढे गाऊन दाखविण्याची प्रथा पाडली व तीमुळे कविता पुस्तकाच्या कपाटातून निघून सामान्य श्रोत्यापर्यंत गेली. परंतु तेव्हाच एक आक्षेपही निघाला, आणि तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. गोड गळ्याखाली कवितेचे उणेपण झाकले जाते, असा तो आक्षेप होता. प्रल्हाद केशव अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहात त्या काळच्या कवींची जी टर उडविली, तिच्यामागेही असलेच काही कारण होते. आमच्या मते सवाद्य वाचनातला खरा धोका हाच होय. वाद्य अनुचित आहे हा धोका नव्हे. वाद्य शब्दास खाऊन टाकील हा धोका आहे.

तो धोका टाळता येतो, याचाही दाखला आमच्या जिल्ह्याशी संबंध असलेल्या एका थोर कवीने घालून दिला आहे. १९७३ साली यवतमाळ येथे मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. त्यांचे ‘गीतरामायण’ १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्यास एक गीत याप्रमाणे ऐकविले गेले. एकंदर छप्पन्न गीते होती व त्यांस संगीत सुधीर फडके यांचे होते. ते गाणे आहे, वाचन नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. पण वृद्ध माणसांस विचारून पाहावे. त्यांस चाली आठवतात तसे शब्दही आठवतात. फडके यांच्या गायनात एकही अक्षर तोंडातल्या तोंडात विरून जात नसे. संगीत कितीही सुंदर असो, त्याने शब्दाची वाट अडविली नाही, म्हणून ते घरोघर पोहोचले.

यावरून आमची कसोटी ठरते, आणि ती आम्ही नहेम्याच्या ग्रंथातून घेतो. पाणीवेशीपुढील चौकात लाकडी मंचावर उभे राहून एज्राने उजाडल्यापासून दोन प्रहरापर्यंत नियमशास्त्र वाचले, आणि लेव्यांनी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ उकलून सांगितला. लोकांस ते समजले, म्हणून ते रडले व नंतर त्यांनी आनंदही केला. वाचणाऱ्याचे तोंड मिटले म्हणजे वाचन संपले असे नव्हे. ऐकणाऱ्यास ते कळले म्हणजे संपले. सवाद्य वाचन आटोपल्यावर सभेत बसलेल्या एखाद्या निरक्षर आजीबाईस विचारावे की, “आजी, काय वाचलं पोरांनी?” तिने गोष्ट सांगितली तर कार्यक्रम उत्तम झाला. “वाजवलं मात्र झकास!” एवढेच ती म्हणाली, तर कार्यक्रम फसला, मग टाळ्या कितीही पडोत.

विद्यार्थ्यांनो, आता थोडे तुमच्याशी. तुमच्यापैकी काहींस मोबाईलवरचा तयार ट्रॅक मोठ्या स्पीकरवर लावून त्यावर कविता म्हणण्याची हौस आहे. ती आम्हांस मुळीच पसंत नाही. तयार ट्रॅक वाचकाची वाट पाहात नाही. तुमचा कंठ एखाद्या ओळीवर दाटून आला तरी तो पुढे धावतो, आणि तुम्हांस त्याच्यामागे फरफटत जावे लागते. जिवंत वादक तुमच्या तोंडाकडे पाहतो, तुम्ही थांबलात की तोही थांबतो. या थांबण्याचे मोल फार आहे. स्तोत्रसंहितेत ‘सेला’ हा शब्द एकाहत्तर वेळा आला आहे. तो गावयाचा शब्द नसून थांबण्याची अथवा मध्ये वाद्य वाजविण्याची खूण असावी, असे पुष्कळ पंडितांचे मत आहे. एका ओळीने मनात जे ढवळले ते निवळू द्यावे, मग दुसरी ओळ घ्यावी, हा सेलाचा धडा होय. ज्यास थांबता येत नाही त्यास वाचता येत नाही आणि वाजविताही येत नाही.

परीक्षेच्या आक्षेपास उत्तर असे. आमच्या शाळेत कित्येक मुले अशी आहेत की ज्यांच्या घरी गोरमाटी बोलतात; इतर पुष्कळांच्या घरी वऱ्हाडी वळणाची बोली आहे. पुस्तकातील मराठी त्यांच्यापुढे येते ती मुकी येते. तिचा उच्चार, तिचा चढउतार, तिची विरामस्थाने त्यांनी कधी ऐकलेलीच नसतात. मग ती उत्तरपत्रिकेत नीट कशी उतरावी? एक उतारा सभेपुढे वाचावयाचा म्हणजे तो किमान वीस वेळा मोठ्याने वाचावा लागतो, प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत असावा लागतो, आणि कोठे थांबावे हे ठरविण्यासाठी वाक्याची रचना समजून घ्यावी लागते. हे व्याकरण नव्हे तर काय? हा वेळ अभ्यासातून चोरलेला नसून अभ्यासातच घातलेला आहे, असे पालकांनी समजावे.

राहिला तो नंगारा-डफड्याचा आक्षेप. आणि सर्वांत अधिक दुःख आम्हांस त्याचेच होते, कारण तो केवळ पालकांचा नाही, तो मुलांच्याही मनात शिरला आहे. घरी उत्तम नंगारा अथवा डफडे वाजविणारा मुलगा शाळेत “मला काही वाजवता येत नाही, सर” असे सांगतो. त्यास पेटी येत नाही हे खरे; पण जे येते ते सांगण्याची त्यास लाज वाटते. ही लाज त्याची नव्हे, आपण त्याच्या अंगावर घातलेली आहे. डफडे वाजविणाऱ्यास गावाने पिढ्यान्‌पिढ्या वरातीच्या पुढे चालविले आणि पंगतीच्या शेवटी बसविले. वास्तविक वाद्यास जात नसते. अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हातात खंजिरी घेतली, ती काही दरबारी वाद्य नव्हती. तिच्यावर त्यांनी गावोगाव लोक जागे केले, आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्यांस राष्ट्रसंत म्हणून गौरविले. पोहरादेवी येथे २०२४ साली उघडलेल्या बंजारा विरासत संग्रहालयाच्या वास्तूस तर नंगाऱ्याचाच आकार दिलेला आहे. जे वाद्य एवढ्या इमारतीचे रूप होऊ शकते, ते आमच्या शाळेच्या दिवाणखान्यात का येऊ नये?

परंतु येथेच आमचे मुख्य म्हणणे आहे, व ते सवाद्य वाचनाची बाजू घेणाऱ्यांनीही लक्ष देऊन ऐकावे. समजा, नंगारा व्यासपीठावर आला. तो वाजविण्यास तांड्यावरचा मुलगा बसविला, डफड्यास दुसऱ्या वस्तीतला, आणि मध्यभागी उभे राहून कविता वाचण्यास ‘शुद्ध उच्चारांचा’ म्हणून गावातील सुखवस्तू घरचा मुलगा निवडला. टाळ्या पडतील, छायाचित्रे निघतील, वाद्यांचा सन्मान झाला असे सर्वांस वाटेल. आणि प्रत्यक्षात झाले काय? गावाची जुनी पंगतच आपण व्यासपीठावर मांडली. ज्याने वाजवावे त्याने पिढ्यान्‌पिढ्या वाजवीतच राहावे, व ज्याने बोलावे त्यानेच बोलावे! असे होणार असेल तर सवाद्य वाचन न झालेले बरे.

म्हणून आमचा आग्रह असा की, वाजविणाऱ्या प्रत्येकाने वाचलेही पाहिजे, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाने वाद्य हाती धरलेही पाहिजे. नंगाऱ्यावर बसणाऱ्या मुलास एक उतारा द्यावा. त्याचे उच्चार प्रथम अडखळतील, शिक्षकांनी त्यापायी चार दिवस अधिक बसावे. उलटपक्षी, सुवाच्य वाचणाऱ्या मुलीने डफड्यावर साधा ठेका धरण्यास त्या मुलापासून शिकावे व शिकताना त्यास गुरू मानावे. मुलींनी नंगाऱ्यास हात लावावा काय, असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर ‘अवश्य’ असे आहे. ज्या प्रभूच्या नावाने ही शाळा चालते, त्याने जेवणाच्या पंगतीत वर-खाली ठेविले नाही. त्याच्या शाळेच्या व्यासपीठावर ते असू नये.

शेवटी दोनचार व्यावहारिक सूचना. उतारा लहान घ्यावा. कविताच पाहिजे असे नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’सारखे सरळ गद्य मोठ्याने वाचण्यास फार चांगले. प्रथम आठ दिवस वाद्यावाचून वाचावे; नुसते वाचून जो उतारा श्रोत्यास धरून ठेवीत नाही, तो वाद्यानेही धरणार नाही, म्हणून तो सोडून द्यावा. शब्द चालू असता वाद्य हळू अथवा मुके असावे. प्रभूच्या दुःखसहनाचा भाग घेतल्यास तेथे वाद्य मुळीच नको; निःशब्दतेइतकी गंभीर साथ दुसरी नाही. सर्व कार्यक्रम पाऊण तासात आटोपावा. आणि पालकांनी पहिल्या रांगेत पाहुण्यांमागे लपून न बसता, घरातील सर्वांत वृद्ध माणसास सोबत आणून पुढे बसवावे. कारण परीक्षक तीच माणसे आहेत.

कापसाच्या या मुलखात सुगी संपली की हात थोडे मोकळे होतात, आणि तेच संमेलनाचे दिवस. तोवर वाद्ये घरून आणावीत, आणि ती आणताना कोणीही ती चादरीत गुंडाळून आणू नयेत.